आपलं नाव कोणत्या प्रभागात?



मागच्या ग्रामसंघाच्या बैठकीत आम्ही सगळ्यांना एक साधा प्रश्न विचारला होता. तुमचा प्रभाग कोणता? तीस-बत्तीस जणी होत्या. एकीनं घरपट्टीच्या पावतीवरचा मिळकत नंबर सांगितला. एकीनं विधानसभेच्या मतदारयादीचा भाग क्रमांक सांगितला. तिघीचौघींनी तर आपल्या प्रभागसंघाचं नाव सांगितलं. ग्रामपंचायतीच्या प्रभागाचा नंबर बरोबर सांगणाऱ्या चारच निघाल्या, आणि त्यातल्या दोघी माजी सदस्य होत्या.

यात हसण्यासारखं काही नाही, कारण 'प्रभाग' हा शब्दच गोंधळ घालतो. उमेदमध्ये आपण जो प्रभागसंघ म्हणतो तो बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेच्या गटाएवढा असतो. त्यात कितीतरी गावं येतात. ग्रामपंचायतीचा प्रभाग मात्र आपल्या गावातलाच एक तुकडा. काही आळ्या, काही वस्त्या, मिळून एक प्रभाग. जुनी माणसं त्याला वॉर्ड म्हणतात. आज आपण या गावातल्या प्रभागाबद्दल बोलणार आहोत.

हा विषय आम्ही का घेतला ते आधी सांगतो. आमच्या गटात एक मावशी आहेत, पासष्टी ओलांडलेल्या. मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीत त्या मुलगा-सुनेबरोबर शाळेत मतदानाला गेल्या. तासभर रांगेत उभ्या राहिल्या. आत गेल्यावर कळलं की मुलाचं नाव आहे, सुनेचं आहे, मावशींचं नाही. एकाच घरातली तीन माणसं, एकच चूल. शोधाशोध केल्यावर मावशींचं नाव प्रभाग एकच्या यादीत निघालं. त्या यादीची खोली गावाच्या दुसऱ्या टोकाला. मावशी तिथवर चालत गेल्या आणि मत देऊन आल्या. पण ज्या उमेदवारांना त्यांनी मत दिलं ते त्यांच्या वस्तीचे सदस्य होणारच नव्हते.

त्याच निवडणुकीत आमच्या गटातली एक जण प्रभाग तीनमधून उभी होती. ती सहा मतांनी पडली. निकालानंतर आम्ही दोन्ही प्रभागांच्या याद्या घेऊन बसलो, तेव्हा तिच्या वस्तीतली अकरा नावं प्रभाग एकमध्ये सापडली. ती अकराही मतं तिलाच पडली असती असं आम्ही म्हणत नाही. आमच्या वस्तीत तेवढी एकी नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पण ती मतं जिथली होती तिथे पडली नाहीत, एवढं खरं.

चूक कार्यालयात झाली. पण त्या याद्या मतदानाआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागल्या होत्या. हरकत घ्या असं त्यावर लिहिलंही होतं. आम्ही रोज त्या फलकासमोरून पाण्याला जात होतो आणि एकीनंही थांबून वाचलं नाही.

तर हे सगळं ठरतं कसं, ते आता पाहू.

गावाला सदस्य किती असावेत हे लोकसंख्येवर असतं. दीड हजारापर्यंत वस्ती असेल तर 7 सदस्य. तिथून पुढे दर दीड हजाराला दोन वाढतात. तीन हजारापर्यंत 9, साडेचार हजारापर्यंत 11, सहा हजारापर्यंत 13, साडेसात हजारापर्यंत 15. त्याच्या वर गाव कितीही मोठं असलं तरी 17. ही लोकसंख्या जनगणनेची धरतात. 2021 ची जनगणना झालीच नाही, म्हणून त्यानंतरच्या निवडणुकांतही 2011 चेच आकडे धरले गेले. त्यामुळे एक गंमत होते. 2011 नंतर माळावर जी नवी घरं झाली, ती प्रभागाच्या आकड्यात दिसत नाहीत, पण त्या घरातले मतदार यादीत असतात. म्हणून कागदावर सारखे दिसणारे दोन प्रभाग मतदानाच्या दिवशी सारखे नसतात. एका खोलीपुढे मोठी रांग आणि दुसरीपुढे शुकशुकाट, हे आपण पाहिलंय.

सदस्यांचा आकडा ठरला की गावाचे प्रभाग पाडतात. एका प्रभागात दोन किंवा तीन सदस्य असतात. समजा गावाची लोकसंख्या 4,200 आहे. सदस्य झाले 11. तीन प्रभागांत तीन-तीन आणि एका प्रभागात दोन, असे चार प्रभाग. आता 4,200 ला 11 नं भागा. एका सदस्यामागे साधारण 382 माणसं आली. म्हणजे तीन सदस्यांच्या प्रभागात 1,145 च्या आसपास आणि दोन सदस्यांच्या प्रभागात 764 च्या आसपास लोकसंख्या हवी. घरं काही मोजून-मापून बांधलेली नसतात, म्हणून दहा टक्के इकडेतिकडे चालतं. तीन सदस्यांचा प्रभाग साधारण 1,030 ते 1,260 च्या मध्ये बसला पाहिजे. ही वजाबाकी-भागाकार आपल्या गटाचा हिशेब लिहिणारी कोणतीही मुलगी करू शकते. आमच्याकडे दहावीतल्या एका मुलीनं केली आणि तिला ती व्याजाच्या हिशेबापेक्षा सोपी वाटली.

प्रभागाची रेघ कशी ओढायची याचेही नियम आहेत. नंबर उत्तरेकडून सुरू होतात आणि दक्षिणेला संपतात. सीमा ओढा, नदी, रस्ता, रेल्वे अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून जावी. प्रभागातली घरं एकमेकांना लागून असावीत. एक आळी इथली, मधली सोडून तिसरी आळी तिथली, असं करता येत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्तीचे शक्यतो तुकडे करू नयेत. हे काम तहसीलदारांच्या देखरेखीखाली होतं, आणि गावात येऊन पाहणी करतात ते आपले तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवक भाऊसाहेब. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी नवी नावं मिळाली आहेत, पण आपल्या तोंडी जुनीच बसलेली आहेत. निवडणूक घेण्याची शेवटची जबाबदारी राज्य निवडणूक आयोगाची असते. लोकसभा-विधानसभेचा निवडणूक आयोग वेगळा आणि हा वेगळा.

रेघ ओढल्यावर प्रारूप नकाशा लागतो. प्रारूप म्हणजे कच्चा. मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातला एकच शब्द लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. कच्चा नकाशा, कच्चं आरक्षण, कच्ची यादी. कच्चं असतं तोवर बोलता येतं. त्यावर हरकत लेखी घ्यायची असते, तहसील कार्यालयात द्यायची असते आणि पोच घ्यायची असते. दिवस थोडे असतात, शेवटची तारीख त्याच नोटिशीत लिहिलेली असते. मग प्रांतसाहेबांपुढे सुनावणी होते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीनं नकाशा पक्का होतो. त्यानंतर चावडीवर कितीही आवाज केला तरी रेघ हलत नाही.

यावेळी आम्ही नकाशा पाहायला गेलो. पहिल्या दिवशी सातजणी गेलो, तर तिथे बसलेल्या एका माणसानं विचारलं, "तुमचं काय काम इथं?" आम्ही म्हटलं, नकाशा बघायचाय. तो म्हणाला, "बायकांना काय कळतंय नकाशातलं?" खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं आम्हाला खरंच काही कळलं नाही. मग एकीनं मारुतीचं देऊळ शोधलं, दुसरीनं पाण्याची टाकी शोधली आणि तिथून पुढे बोट फिरवत आम्ही आपापल्या दारापर्यंत पोहोचलो. आमची वस्ती ओढ्याच्या दोन्ही अंगाला आहे. मधे फरशी पूल आहे. दळण, शाळा, हातपंप सगळं एक. आणि रेघ बरोबर ओढ्यातून गेलेली. अलीकडची घरं प्रभाग तीन, पलीकडची प्रभाग चार.

आम्ही हरकत लिहिली. सह्या-अंगठे बेचाळीस झाले. सुनावणीला पाचजणी एसटीनं गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं हे सांगायला हवं. पण त्यांनी कागद पुढे केला. ओढा ही नैसर्गिक सीमा आहे, आणि पलीकडची घरं तीनमध्ये घेतली तर तीनची लोकसंख्या दहा टक्क्यांच्या वर जाते. हिशेब त्यांचा बरोबर होता. आमची हरकत फेटाळली गेली. परत येताना एसटीत कोणी फारसं बोललं नाही. आम्हाला वाईट वाटलं ते याचं, की हा हिशेब आम्ही घरीच केला असता तर वेगळी मागणी करता आली असती. पलीकडची घरं तीनमध्ये आणि वरच्या आळीतली तेवढीच माणसं चारमध्ये, असा अदलाबदलीचा पर्याय लेखी दिला असता तर निदान त्यावर विचार झाला असता. नुसतं "आमची वस्ती फोडू नका" म्हणून भागत नाही. फोडायची नाही तर आकडे कसे जुळवायचे, तेही आपणच मांडायला लागतं.

नकाशानंतर येतं आरक्षण. महाराष्ट्रात 2011 पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. त्याआधी एक तृतीयांश होत्या. सदस्यांचा आकडा नेहमी विषम असतो, म्हणून निम्मं करताना वरचा आकडा धरतात. 7 मध्ये 4 बायका, 9 मध्ये 5, 11 मध्ये 6. कोणती जागा कोणाला हे विशेष ग्रामसभेत ठरतं. चिठ्ठ्या टाकतात आणि लहान मुलाच्या हातून उचलतात. त्या सभेला बायका जात नाहीत आणि संध्याकाळी घरातले पुरुष येऊन सांगतात, "आपल्या प्रभागात बाई लागली." लागली हा शब्द आम्हाला कधीच आवडला नाही. लॉटरी लागते, नजर लागते. पण ते असो.

इथे दोन गैरसमज आहेत, ते काढून टाकू. पहिला, बाईच्या जागेला फक्त बायकाच मत देतात. असं नाही, त्या प्रभागातले सगळे मतदार देतात. दुसरा, जिथे महिला लिहिलंय तिथेच बाईनं उभं राहायचं. तसंही नाही. सर्वसाधारण म्हणून जी जागा असते, ती बाईलाही मोकळी आहे. निम्म्या जागा म्हणजे कमीत कमी निम्म्या. अकरापैकी आठ बायका निवडून आल्या तर कायदा अडवत नाही. वयाची 21 वर्षं पूर्ण हवीत आणि गावाच्या यादीत नाव हवं. बाकीच्या अटींवर, म्हणजे थकबाकी, शौचालय, अपत्यं, शिक्षण, जातपडताळणी यांवर एक अख्खं भाषण होईल. ते पुन्हा केव्हातरी.

आता मतदारयादी. ग्रामपंचायतीसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. विधानसभेची जी यादी आहे तीच एका ठरावीक तारखेची घेतात आणि तिचे प्रभागाप्रमाणे भाग करतात. मावशींचं नाव गेलं ते इथेच. भाग करताना एका पानावरची ओळ दुसऱ्या गठ्ठ्यात गेली. ही फोडलेली यादी पुन्हा कच्ची म्हणून लागते. या वेळी हरकत कशाची घेता येते ते नीट ऐका. घर एका प्रभागात आणि नाव दुसऱ्या प्रभागात, ही हरकत चालते. विधानसभेच्या यादीत नाव आहे पण प्रभागाच्या यादीत नाही, हीही चालते. पण विधानसभेच्या यादीतच नाव नसेल तर या वेळी ते घालता येत नाही. ते काम आधीच करायला हवं. नवीन नावासाठी नमुना 6, आणि पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नमुना 8. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं वर्षानुवर्षं माहेरी राहतात. त्यांच्यासाठी नमुना 8 आहे. अठरा पूर्ण झाल्याची तारीख पूर्वी फक्त 1 जानेवारी धरायचे. आता वर्षात चार तारखा आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. घरातली मुलगी ऑगस्टमध्ये अठराची झाली तर ती 1 ऑक्टोबरच्या तारखेवर नाव घालू शकते.

यावेळी कच्ची यादी लागल्यावर आम्ही तिचे फोटो काढून आणले आणि गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचली. वस्तीवार, घरवार. ज्या घराचं नाव येईल त्या शेजारणीनं हो म्हणायचं. दोन बैठका गेल्या. त्यात नऊ नावं चुकीच्या प्रभागात निघाली आणि चार माणसं अशी निघाली जी आता या जगात नाहीत. नऊ नावांचे अर्ज दिले. सात दुरुस्त झाली. दोन का झाली नाहीत ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि पोच एकीच्या हातून हरवली म्हणून आम्हाला ठामपणे विचारताही आलं नाही. मावशींचं नाव या सातात होतं.

मतदानाच्या खोलीत काय होतं तेही सांगायला हवं, कारण तिथे पुष्कळ मतं वाया जातात. प्रभागात तीन सदस्य असतील तर तुम्हाला सदस्यांसाठी तीन मतं आहेत. अ, ब आणि क, प्रत्येक जागेला एक. शिवाय सरपंचाचं एक. एकूण चार. आपल्या बायका विधानसभेच्या सवयीनं एक बटण दाबतात आणि वळतात. चारही मतं दिल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. कागदांचे रंग वेगळे असतात. सरपंचपदाचा फिका निळा, सर्वसाधारण जागेचा पांढरा, अनुसूचित जातीच्या जागेचा फिका गुलाबी, अनुसूचित जमातीचा फिका हिरवा आणि मागास प्रवर्गाचा फिका पिवळा. वाचता येत नसेल तर रंग मोजा. एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल तर नोटाचं बटण आहे, पण ते बटणही दाबावं लागतं.

सरपंचाचं आम्ही मधेच म्हटलं, त्याबद्दल थोडं. 2017 साली सरपंच थेट लोकांनी निवडायचा असं झालं. 2020 मध्ये ते बदललं आणि पुन्हा सदस्यांनी निवडायचा असं ठरलं. 2022 मध्ये परत थेट निवड आली. त्यामुळे आपल्या गावात कोणी म्हणतं सरपंच सदस्य करतात, कोणी म्हणतं आपण करतो, आणि दोघंही आपापल्या काळापुरते बरोबर असतात. आता आपण करतो. उपसरपंच मात्र निवडून आलेल्या सदस्यांच्या बैठकीत ठरतो. सरपंचपदाचं आरक्षण गावात ठरत नाही, सगळ्या तालुक्याचं मिळून एकदम काढतात.

पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचं थोडक्यात. जिल्ह्याचे गट पाडतात, कमीत कमी 50 आणि जास्तीत जास्त 75. एका गटाचे दोन गण होतात. गटातून जिल्हा परिषदेचा सदस्य, गणातून पंचायत समितीचा सदस्य. तिथे एका गटाला एकच सदस्य, आपल्यासारखे दोन-तीन नाहीत.

ज्यांची गावं तालुक्याची आहेत त्यांच्याकडे आता नगरपंचायत आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं सरकारनं 2014 मध्ये ठरवलं. तिथे 17 प्रभाग आणि प्रत्येकात एकच नगरसेवक. कारभार ग्रामसेवकाऐवजी मुख्याधिकारी पाहतात. आमच्या ओळखीच्या एका गटाच्या बायका अशा गावात आहेत. त्यांना विचारलं, काय बदललं? त्या म्हणाल्या, नगरसेवक कोण ते आता पक्कं माहीत असतं, तीन जणांत एकमेकांकडे बोट दाखवणं संपलं. पण ग्रामसभा गेली. पूर्वी पंधरा ऑगस्टला सगळ्यांसमोर उभं राहून विचारता यायचं, आता अर्ज घेऊन कार्यालयात जावं लागतं.

ही ग्रामसभा आपल्याकडे अजून आहे. वर्षात किमान चार, आणि प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं कायद्यात आहे. गणसंख्येला मतदारांचे 15 टक्के किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल तेवढे पुरतात. गावातले दहा गट आले तरी शंभर होतात. गेल्या महिला सभेत आम्ही ओढ्यावरच्या फरशीचा प्रश्न मांडला. रेघ ओढ्यातून गेल्यामुळे आता त्या पुलाला दोन प्रभागांचे सहा सदस्य झाले आहेत, आणि प्रत्येक जण म्हणतो की तो दुसऱ्याच्या प्रभागात येतो. आम्ही ठराव असा लिहिला की पुलाचं काम प्रभाग तीन आणि चारच्या सहाही सदस्यांच्या नावानं आराखड्यात घ्यावं. सहाही नावं ठरावात घातली. इतिवृत्तात ती नोंदली गेलीत की नाही, हे पुढच्या सोमवारी बघायला आम्ही जाणार आहोत.

ज्या गटांना हरकतीचा अर्ज कसा लिहायचा ते हवं असेल, त्यांनी ग्रामसंघाच्या बैठकीला येताना एक वही आणा. आम्ही फळ्यावर लिहू, तुम्ही उतरवून घ्या. आणि पोच जपून ठेवायला प्लास्टिकची पिशवी आणा.